पाचवा वांगलाइ

मंगळवारी सकाळी मालक तु चिन-शान यांनी को शिन-हुंगला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. मालक दोनच प्रसंगी दार लावत. कोणाला कामावरून काढायचं असेल तेव्हा, आणि बोकडाचा रस्सा एकट्याला प्यायचा असेल तेव्हा. कोने नाकाने अंदाज घेतला. रश्श्याचा वास नव्हता.

"बस," मालक म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "नको, उभाच राहा."

टेबलावर एक पत्र होतं. कांगशानच्या या बोल्टच्या कारखान्यात ज्या सॉफ्टवेअरवर ड्रॉइंग काढली जात, ते विकणाऱ्या एजन्सीने ते पाठवलं होतं. पत्र इतकं नम्र होतं, की दुसऱ्या ओळीलाच कोला घाम फुटला. 'आपल्या मौल्यवान कंपनीने ड्रॉइंग करणाऱ्या चार जणांची नावं आम्हांला कळवली आहेत. गेले तीन आठवडे मात्र रोज दुपारी आपल्याकडे पाच जण काम करताना दिसतात. पाचव्या सन्माननीय व्यक्तीचा परिचय झाल्यास आम्हांला आनंद होईल. तो आनंद घेण्यासाठी आमच्या कुमारी कान शुक्रवारी येतील. ती व्यक्ती कंपनीबाहेरची निघाल्यास आपलं लायसन्स रद्द करण्याचं दुःखही आम्हांला सोसावं लागेल.'

"पाचवा कोण?" मालकांनी विचारलं.

"ड्रॉइंगवाले चारच आहेत, साहेब."

"चार कोण ते मला माहीत आहे. पगार मी देतो. पाचवा कोण?"

मालकांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. कालव्याच्या पलीकडे शुन-फा नावाच्या दुसऱ्या बोल्ट कारखान्याचं निळं छप्पर दिसत होतं. गेल्या महिन्यात शुन-फाने दहा कोनी डोक्याचा बोल्ट बाजारात आणला होता. दहा कोनी डोकं ही मालकांची स्वतःची कल्पना होती. आजवर तो बोल्ट कोणी विकत घेतला नव्हता, पण कल्पना त्यांची होती.

"ते तिथून आपल्या मशीनमध्ये शिरतात. आणि त्यांना शिरायला आतलं कोणीतरी मदत करतं. शुक्रवारपर्यंत मला नाव हवं. नाव मिळालं नाही, तर कागदावर तुझं नाव टाकतो आणि कागदाबरोबर तुलाही बाहेर टाकतो. तुझं नाव मला पाठ आहे."

को अठरा वर्षं या कारखान्यात कॉम्प्युटर बघत होता. कॉम्प्युटरबरोबर तो प्रिंटर, फोन, ट्यूबलाइट आणि चांद्र वर्षअखेरच्या जेवणातला माइकही बघे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दुसरीकडे जाऊन 'मी माइक चांगला लावतो' असं सांगणं त्याला बरं वाटेना. तो सरळ जागेवर येऊन बसला आणि लायसन्स मोजणारी खिडकी उघडली.

आता ही खिडकी काय दाखवी, ते सांगायला हवं. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर एकाच मोठ्या मशीनवर होतं आणि ते मशीन पूर्वी झाडू ठेवायच्या खोलीत होतं. चौघं जण आपापल्या टेबलावरून रिमोटने त्या मशीनमध्ये शिरत आणि काम करत. लायसन्सच्या जागा मात्र पाच घेतलेल्या होत्या, कारण तिथल्या बोलीत चार या आकड्याचा उच्चार मरणासारखा होतो आणि मालकीणबाई पाओ-चू यांनी मरणाच्या आकड्यावर सही करायला नकार दिला होता. आत शिरायचं नावही त्यांनीच निवडलं होतं. चौघांना मिळून एकच नाव. वांगलाइ. म्हणजे अननस. आणि जरा लांबवून म्हटलं तर, 'भरभराट येवो'. दिवसातून चार वेळा भरभराटीला हाक मारली तर ती एकदा तरी येईल, असा त्यांचा हिशेब होता. कोने त्यात भर घातली होती ती अशी, की त्याने एकच कॉम्प्युटर नीट तयार केला आणि बाकीचे त्याच्यावरून जसेच्या तसे उतरवले. वेळ वाचला. पण त्यामुळे आता टेबलंही आपली ओळख एकाच नावाने करून देत.

रोज रात्री मशीन सगळ्यांना बाहेर काढी, त्यामुळे त्या खिडकीत सकाळी चार ओळी दिसत. वांगलाइ, वांगलाइ, वांगलाइ, वांगलाइ. चौघांसमोर शिरण्याची वेळ आठच्या आसपासची. आणि दुपारी पाचवी ओळ येई. वांगलाइ, एक वाजून एकतीस मिनिटं.

एक एकतीस! दुपारी साडेबाराला ऑफिसातले दिवे बंद होत आणि सगळे टेबलावर डोकं टेकून तासभर झोपत. दीड वाजता दिवे लागत. चोर अगदी दिवे लागल्यावर मिनिटभरात येत होता. माणसं डोळे चोळत असतात, कोणाच्या गालावर उशीचे वळ असतात, आणि तेवढ्यात हा आत. चोर आपल्याला ओळखतो, एवढं कोला कळलं.

त्याने एका कागदावर संशयितांची नावं लिहिली. पहिलं लियाव मास्तरांचं. वय बासष्ट, निवृत्तीला आलेले, त्यामुळे त्यांना गमावण्यासारखं काही नव्हतं. दुसरं पिएनचं. पिएन सहा वर्षांत एकूण चाळीसेक वाक्यं बोलला होता. एवढं कमी बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काय काय साठलेलं असेल! तिसरं नी वेन-च्येचं, कारण तो सगळ्यांशी गोड बोले. चौथं त्सोउ यि-थिंगचं, कारण ती कोणाशीच गोड बोलत नसे. निःपक्षपातीपणा म्हणून कोने स्वतःचंही नाव लिहिलं. मग ते खोडलं, आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागे वळून बघितलं.

मागे नी उभा होता.

"हुंग-दादा, यादी कसली?"

"वर्षअखेरच्या जेवणाची."

"ते फेब्रुवारीत असतं."

"या वेळी तयारी लवकर."

नीने मान डोलावली आणि आवाज खाली आणला. "मालकांनी दार लावलं होतं आणि रस्सा तर आला नाही. काय ते मला विचारायचं नाही. पण एक सांगतो. त्सोउताईंच्या नवऱ्याचा चुलतभाऊ शुन-फात फोर्कलिफ्ट चालवतो. मी काहीच म्हणत नाही हं."

"मग म्हणालास कशाला?"

"म्हणालो कुठे? सांगितलं."

बुधवारी कोने झोपण्याचं सोंग केलं. साडेबाराला मालकीणबाई आल्या, दाराजवळचं बटण त्यांनी खट् करून खाली ओढलं आणि ऑफिसात अंधार झाला. हे बटण त्या दुसऱ्या कोणाला ओढू देत नसत. झोपेच्या तासात उजेडाची एक तिरीपही त्यांना खपत नसे. मागे एकदा पिएनचा मोबाइल चमकला, तर त्यांनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तुझ्या आईने तुला दिवा लावून झोपवलं का रे?" म्हणून को आपल्या कॉम्प्युटरचा पडदा चालू ठेवू शकत नव्हता. त्याने कोपरात तोंड खुपसलं आणि एक डोळा उघडा ठेवला.

त्या एका डोळ्याने त्याने तासभर माणसं झोपताना पाहिली. आपण ज्यांच्याशेजारी अठरा वर्षं झोपतो, ते झोपेत किती संशयास्पद दिसतात! लियाव मास्तर झोपेत हसले. कोणाला हसले? नीचं घोरणं इतकं एका तालात होतं, की खरं वाटेना. पिएन तर श्वासच घेत नव्हता. खिडकीजवळच्या नव्या टेबलावर त्सोउ मानेखाली उशी घेऊन पडली होती आणि तिच्या मॉनिटरचा लहान दिवा डोळा मारल्यासारखा लुकलुकत होता. कोला तो दिवा आवडला नाही.

एकानेही तासभरात बोट हलवलं नाही. दीड वाजता दिवे लागले. कोने झटकन आपली खिडकी उघडली. एक एकतीसला पाचवा वांगलाइ हजर.

को उठला. "कोणीही हलू नका!"

सगळे थांबले. लियाव मास्तरांचा हात कपापर्यंत पोचून थांबला.

"भूकंप?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. एक मिनिट." कोने पाचव्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिला हाकलून दिलं.

"अय्या!" खिडकीजवळून आवाज आला. "माझं ड्रॉइंग गेलं! कोण मेलं...?"

त्सोउच होती. सगळं ऑफिस तिच्याकडे बघायला लागलं. मग सगळं ऑफिस दुसरीकडे बघायला लागलं, आणि ते जास्त वाईट होतं.

"त्सोउताई," को जमेल तेवढ्या सहज आवाजात म्हणाला, "तुम्ही आता एक एकतीसला आत शिरलात?"

"मग? झोपेतून उठले, पडद्यावर लिहिलं होतं की जोडणी तुटली, पुन्हा जोडलं. पडदाही झोपतो माणसासारखा. तुमचा नाही झोपत?"

"सकाळी तुम्ही शिरलेलाच होतात ना?"

"हुंग-दादा, मी सकाळी आले, रात्रीचा भात डब्यात आणला, आठ वाजून सात मिनिटांनी शिरले, दोनदा बाथरूमला गेले. आणखी काय लिहून देऊ?"

कोने खिडकी पुन्हा पाहिली. सकाळच्या चारही ओळी जागच्या जागी होत्या. त्सोउची सकाळची जागा तशीच भरलेली, आणि त्सोउ तर त्याच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी. मग तिच्या सकाळच्या जागेवर बसलंय कोण?

कोणीतरी दुसरं. तिने बसवलेलं.

हा विचार कोच्या डोक्यात आला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. त्याला तो आवडला नाही, पण त्याच्या नोकरीला तो आवडला.

गुरुवारी सकाळपर्यंत कोने कोणाला काही सांगितलं नव्हतं, म्हणून सगळ्यांना सगळं माहीत होतं. लियाव मास्तरांनी आपलं ड्रॉइंगचं वहीतलं टिपण कुलपात ठेवलं. पिएनने आपली खुर्ची वीतभर डावीकडे, म्हणजे त्सोउपासून दूर सरकवली. त्सोउने चहाच्या ठिकाणी सगळ्यांसाठी ठेवलेल्या तिळाच्या वड्यांना कोणी हात लावला नाही. वड्यांनी काय केलं होतं? पण दुपारपर्यंत त्याही संशयित झाल्या.

अकरा वाजता मालकांनी कोला आत घेऊन दार लावलं.

"त्सोउचं कळलं मला."

"साहेब, अजून नक्की..."

"नवऱ्याचा चुलतभाऊ. फोर्कलिफ्ट. नक्की व्हायला आणखी काय लागतं? क्रेन?" मालकांनी हातातलं पेन त्याच्यापुढे धरलं. "तिचं नाव लिहून दे. कागद मी उद्या कानबाईंच्या हातात देतो."

"मी जागेवर जाऊन नीट लिहितो."

"लिही. नाहीतर माझ्याकडे दुसरं नाव आहेच."

को जागेवर आला. टेबलावरचा चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढून त्याने पेन्सिल उचलली. पेन्सिल यासाठी, की पेन्सिलीने लिहिलं की ते अजून लिहिलेलं नसतं. त्सोउचं आडनाव लिहायला किचकट. एवढ्याशा जागेत बारीक रेघांची गर्दी, आणि एक रेघ चुकली तर नावच दुसऱ्याचं. कोने दाबून, सावकाश, एकेक रेघ मोजून लिहिलं. मग चिठ्ठी फाडली, घडी करून खिशात ठेवली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसला. भिंतीवर सुरक्षिततेचं पोस्टर होतं. त्यातला हसरा कामगार आज त्याच्याकडे बघून हसतोय असं त्याला वाटलं.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. हातात एक हिरवा पुडा होता.

"अ-हुंग, ही तारीख वाच."

मक्याच्या कुरकुऱ्यांचा तो पुडा मोठ्या मशीनच्या डोक्यावर ठेवलेला असे. या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग' असा होतो, म्हणून कांगशानपासून तैपेपर्यंत कुठलंही मशीन त्याच्याशिवाय चालत नाही. पुडा हिरवाच लागतो. पिवळा ठेवलात तर मशीन रुसतं आणि लाल ठेवलात तर थांबतं. तो वेळच्या वेळी बदलणं हे कोचं काम होतं.

कोने तारीख वाचली. मुदत संपून तीन आठवडे झाले होते.

"तीन आठवडे!" मालकीणबाई म्हणाल्या. "आणि घोळ कधीपासून आहे? तीन आठवडे! अठरा वर्षं कॉम्प्युटर शिकलास आणि तारीख वाचता येत नाही?"

"मालकीणबाई, मशीनला पुड्यावरची तारीख कळत नाही."

"लायसन्सवरची कळते ना? मग पुड्यावरची का नाही कळणार?"

को स्कूटर घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. हिरवा पुडा तिथे संपला होता. पुढच्या दुकानात मिळाला, पण तिथे दुकानदाराने विचारलं, "कशासाठी, हॉस्पिटल की बँक?" आणि कारखाना म्हटल्यावर मान हलवत म्हणाला, "मग एक पुरेल." एवढ्या भानगडीत को परत आला तेव्हा साडेबाराला दोन मिनिटं कमी होती. ऑफिसात उशा निघाल्या होत्या. अंधारात पुडा घेऊन मशीनच्या खोलीत जाताना दिसलो, तर मालकीणबाई विचारतील, म्हणून तो घाईने खोलीत शिरला आणि उजेड बाहेर सांडू नये म्हणून दार आतून ओढून घेतलं.

आत गारठा होता. मोठ्या मशीनच्या शेजारी त्याचा स्वतःचा लहान पडदा होता. धूळ बसलेला, कारण को तिथे कधी येत नसे. सगळं तो टेबलावरूनच बघे, रिमोट कशासाठी असतो? त्याने बाहीने धूळ पुसली आणि पडदा जागा केला. टेबलावरची खिडकी फक्त नाव आणि वेळ दाखवी. इथे मात्र प्रत्येक वांगलाइच्या पुढे तो काय करतोय तेही लिहिलेलं होतं. जोडलेला, जोडलेला, जोडलेला, जोडलेला.

कोने पुडा मशीनवर ठेवला. जरा तिरका झाला, म्हणून सरळ केला. हात जोडावेत की नाहीत, असं त्याच्या मनात आलं. खोलीत कोणी नव्हतं. त्याने जोडले.

बाहेर मालकीणबाईंनी बटण ओढलं. खट्!

आणि पडद्यावर दुसऱ्या ओळीतला वांगलाइ फिकट झाला. त्याच्यापुढे लिहून आलं: तुटलेला.

तुटलेला. पण गेलेला नाही! ओळ होती तिथेच होती, जागा धरून. आठ वाजून सात मिनिटं. त्सोउची सकाळची जागा.

को पडद्यासमोर हात जोडलेले तसेच ठेवून उभा राहिला. दिवे बंद होतात आणि त्सोउ तुटते. तिची जागा मात्र मशीन तशीच राखून ठेवतं, कारण तिने 'निघते' असं सांगितलेलंच नसतं. दीड वाजता ती पुन्हा जोडते. माणूस ओळखीचं असतं, तर मशीनने तिला तिच्याच जागेवर नेऊन बसवलं असतं. पण दारात येणारा प्रत्येक जण वांगलाइ! मशीन बिचारं कोणाकोणाला ओळखणार? ते तिला नवी जागा देतं. जुन्या जागेवर तिची झोप बसलेली असते.

पाचवा माणूस नव्हताच. ती त्सोउच होती, अर्धी झोपलेली.

पण बाकीचे तिघं का तुटत नाहीत? दिव्यांचा आणि त्सोउच्या वायरीचा संबंध काय? हा प्रश्न कोने स्वतःला विचारला आणि त्याला उत्तर इतक्या लगेच आलं, की त्याने ते दोन मिनिटं न आल्यासारखं केलं.

तीन आठवड्यांपूर्वी मालकीणबाईंनी पंचांगाच्या माणसाला बोलावलं होतं. मालक वाघाच्या वर्षात जन्मलेले, त्सोउ सशाच्या. वाघाच्या केबिनसमोर ससा बसवला, तर कारखान्यात रक्त सांडतं, असं तो म्हणाला. म्हणून त्सोउचं टेबल त्याच दिवशी खिडकीशी हलवलं. तिथे नेटची वायर नव्हती. को शिडी लावून छतात चढला आणि त्याने वायरी जोडणारा लहान डबा वर ठेवला. त्या डब्याला वीज हवी होती. छतात प्लग नव्हता. ट्यूबलाइटची लाइन मात्र हाताशी होती. 'तात्पुरतं' असं स्वतःशीच म्हणून त्याने ती तिथे जोडली आणि वर काळी टेप गुंडाळली. टेप छान बसली होती. त्याला तेव्हा अभिमान वाटला होता.

त्याच दिवशी पुडा बदलायचाही राहून गेला होता, हेही त्याला आठवलं.

उरलेला तास तो त्या गारठ्यात एका उलट्या बादलीवर बसून राहिला. खिशातली चिठ्ठी त्याला टोचत होती. ती काही न सांगता उद्या मालकांच्या हातात देणं सगळ्यांत सोपं होतं. टेप छतात होती, छतात कोण बघतं? त्सोउ जाईल, टेबल रिकामं होईल, पाचवा वांगलाइ आपोआप येणं बंद होईल. गुन्हा सिद्ध होईल. इतका सुबक पुरावा देवसुद्धा देत नाही. कोने हा विचार पूर्ण केला, शेवटपर्यंत नेला, आणि मग त्याला खूप थंडी वाजली.

शुक्रवारी बारा वाजता कुमारी कान आल्या. तिशीच्या, काळ्या पिशवीच्या, प्रत्येक वाक्याआधी 'माफ करा' म्हणणाऱ्या. मालकांनी त्यांना केबिनमध्ये बसवलं, कोला बोलावलं आणि हात पुढे केला.

"चिठ्ठी."

"साहेब, नाव आहे," को म्हणाला. "पण आधी साडेबारा वाजू देत."

"का? साडेबाराला काय होतं?"

"झोप."

मालकांनी कानबाईंकडे पाहिलं. कानबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "माफ करा," त्या म्हणाल्या, "झोप असेल तर मी नंतर येऊ का?"

कोने दोघांना मशीनच्या खोलीत नेलं. तिघं त्या झाडूच्या खोलीत खांद्याला खांदा लावून उभे राहिले, आणि मालकांनी एकदा कोकडे, एकदा दाराच्या कडीकडे संशयाने बघून घेतलं. बाहेर खट् झालं. पडद्यावर एक वांगलाइ फिकट झाला.

कोने सगळं सांगितलं. डबा, छत, लाइन, काळी टेप, एकच नाव. आपल्या भागाला तो आला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला, पण त्याने तो भाग गाळला नाही.

मालक म्हणाले, "वायर तू जोडलीस."

"हो, साहेब."

"नाव तुझंच निघालं. मी मंगळवारीच म्हणालो होतो."

"हो, साहेब."

"आणि ते टेबल खिडकीशी न्यायला कोणी सांगितलं?"

को छताकडे बघू लागला.

"आणि सगळ्यांचं एकच नाव कोणी ठेवलं?"

कोने छताकडे बघणं चालू ठेवलं.

"आणि रोज ते बटण कोण ओढतं?"

या वेळी मालकही छताकडे बघू लागले. कानबाई सवयीने दोघांबरोबर वर बघू लागल्या.

दार उघडलं. मालकीणबाई उभ्या होत्या. "इथे उजेड कसला?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "माणसं झोपली आहेत! आणि तिघंजण झाडूच्या खोलीत? काय चाललंय? कोण सापडलं?"

मालकांचा चेहरा त्या पडद्याच्या निळ्या उजेडात जरा फिकट दिसला. तुटलेला, पण जागा धरून असलेला.

"पुड्याची तारीख," ते म्हणाले. "तीन आठवडे गेलेली. अ-हुंगने बदलला."

"मी सांगितलंच होतं!" मालकीणबाई म्हणाल्या, आणि दार लावून गेल्या.

कानबाईंनी पिशवीतून फॉर्म काढला. "माफ करा, पण पाचव्या व्यक्तीच्या चौकटीत मला काहीतरी नाव लिहावं लागेल. चौकट रिकामी ठेवता येत नाही."

मालकांनी कोकडे पाहिलं. कोचा हात खिशाकडे गेला, चिठ्ठीवर पडला आणि तिथेच राहिला.

"लिहा," मालक म्हणाले. "वांगलाइ."

"अननस?"

"आमच्याकडचाच आहे. बाहेरचा नाही."

कानबाईंनी लिहिलं. मग कारणाच्या चौकटीशी थांबल्या, जरा विचार केला आणि लिहिलं: दुपारची झोप. "ऑफिसात समजतील," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही साडेबाराला." मग त्यांनी मशीनवरचा हिरवा पुडा पाहिला, त्याची तारीख वाकून वाचली आणि समाधानाने मान हलवली.

केबिनकडे परत जाताना मालक कोच्या कानाशी येऊन म्हणाले, "ती टेप आज काढ. शिडी मात्र आमची ही जेवायला गेली की लाव. आणि दहा कोनी बोल्टचं काय? त्याची बातमी कोणी फोडली?"

"माहीत नाही, साहेब."

"शोध," मालक म्हणाले. पण दार लावून म्हणाले नाहीत.

कोने चिठ्ठीचे तुकडे केले आणि तिन्ही मजल्यांवरच्या तीन वेगवेगळ्या कचऱ्याच्या डब्यांत टाकले.

सोमवारी त्याने सगळ्यांना वेगळी नावं द्यायला सुरुवात केली. मालकीणबाईंची समजूत अशी घातली, की चार वेगवेगळी शुभ नावं असली तर भरभराट चारही दिशांनी येईल. चार म्हटल्यावर त्या बिचकल्या, म्हणून पाचवं नाव कोने स्वतःसाठी घेतलं. लियाव मास्तरांनी आपल्या नातवाचं नाव दिलं. नीने इतकं शुभ नाव दिलं, की ते चौकटीत मावेना. पिएनने 'पिएन' असं दिलं, आणि हे त्या महिन्यातलं त्याचं तिसरं वाक्य होतं. त्याची खुर्ची मात्र अजून वीतभर डावीकडेच होती. तिळाच्या वड्या शुक्रवारी दुपारीच संपल्या होत्या. कोणी खाल्ल्या ते कोणी सांगत नव्हतं.

शेवटी त्सोउ आली. तिला काय काय ठाऊक आहे, ते कोला ठाऊक नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नसे, म्हणून तर ती यादीत होती.

"बसा, त्सोउताई. आता तुमचं तुम्हांला नाव. दुपारी झोपलात तरी जागा तुमचीच राहणार." त्याने चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि पेन हातात घेतलं. "बोला, काय लिहू?"

त्सोउने गठ्ठा आपल्याकडे फिरवला. वरची चिठ्ठी कोरी होती. तिने ती उजेडाकडे तिरकी धरली. कोनेही बघितलं. कोऱ्या कागदात गुरुवारच्या पेन्सिलीचा दाब उतरला होता. एकेक रेघ मोजून काढलेली, दाबून, सावकाश.

"लिहायला कशाला हवं?" त्सोउ म्हणाली. "लिहिलेलंच आहे की."

कोच्या हातातलं पेन टेबलावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

तिने गठ्ठा परत त्याच्यापुढे सरकवला. "वरून शाई फिरवा फक्त. आणि हुंग-दादा, एक सांगते. माझ्या आडनावातली ती आतली रेघ लोक नेहमी विसरतात. बँकवालेसुद्धा. तुम्ही अगदी बरोबर काढलीत."

ती आपल्या टेबलाकडे गेली. को वाकून बसला आणि त्या रेघांवरून एकेक करून पेन फिरवू लागला. साडेबारा वाजले. दिवे गेले. तो फिरवतच राहिला.